हिरवे ठिपके

अध्यापक कॉलेजने दिलेल्या कागदावर मथळा छापलेला होता: ‘माझी शिकवण्याची पद्धत घडवणारे अनुभव’. त्याखाली दोन पानं कोरी. शुक्रवारी तिचा शेवटचा पाठ. कॉलेजातले सर येऊन वर्गाच्या मागच्या बाकावर बसणार आणि पाठ संपला की हा कागद त्यांच्या हातात द्यायचा. आज बुधवार. तिने जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली, टेबल ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने पुसलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला बसण्याआधी टेबलाखाली वाकून बघितलं. पाच वर्षांची चिमी तिथे रंगाच्या वड्या आणि पाण्याचा पेला मांडून बसली होती.

“चिमे, रंग तोंडात नाही ना घातलास?”

“नाही.”

“आ कर बघू.”

चिमीने आ केला. आत काही नव्हतं. तरी तिने जीभ वर करायला लावून खालीही बघितलं आणि मगच खुर्ची पुढे ओढली.

खरं तर लिहिण्यात अडचण काहीच नव्हती. प्रसंग तिला तोंडपाठ होता. नवऱ्याला तो लग्नाआधीच सांगून झाला होता, प्रशिक्षणाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितला तेव्हा समोरच्या तिघांपैकी एकाने चष्मा काढून पुसला होता. ती दुसरीत होती. हातच्याची वजाबाकी चुकली. बाईंनी वहीच्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली आणि तिला फळ्यापाशी उभं केलं, वर्गाकडे तोंड करून, उघडी वही दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. दंड भरून आले, तरी वही खाली घ्यायची सोय नव्हती. फुली सगळ्यांना दिसली पाहिजे ना! त्या दिवशी तिने ठरवलं की आपण कधी बाई झालोच, तर कुणाच्या वहीवर फुली मारायची नाही.

आणि तिने ते पाळलं होतं. तीन महिने ती तिसरीच्या वर्गात शिकाऊ बाई म्हणून जात होती. मुलांनी त्यांच्या नेहमीच्या वर्गबाईंना ‘मोठ्या बाई’ आणि हिला ‘छोट्या बाई’ करून टाकलं होतं. छोट्या बाईंच्या पर्समध्ये लाल पेन नव्हतंच. गणित चुकलं की त्या हिरव्या पेनाने समासात एक बारीकसा ठिपका काढायच्या. ठिपका म्हणजे ‘पुन्हा बघ’. नुसता ठिपका काढून मोकळ्या व्हायच्या नाहीत. त्या मुलाला जरा सरकायला सांगून बाकावर शेजारी बसायच्या आणि गणित त्याच्यासोबत पहिल्यापासून सोडवायच्या.

पहिलं पान असं धाडधाड लिहून झालं. दुसऱ्या पानावर ‘या पद्धतीचे परिणाम’ असं लिहून तिने पेन थांबवलं, कारण आज सकाळचं मोठ्या बाईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

मोठ्या बाई मधल्या सुट्टीत चाचणीचे कागद घेऊन आल्या होत्या. “तुमची भिंगरी बघा,” त्या म्हणाल्या होत्या. भिंगरी म्हणजे तिसऱ्या बाकावरची, एका जागी मिनिटभर न टिकणारी मुलगी. खोडरबर आणायला गेली तरी वाटेत दोन गिरक्या घेऊन जायची. “तुम्ही आलात तेव्हा वीसपैकी एकोणीस. मग सोळा. परवा अकरा. वजाबाकी विसरली की काय पोरगी?”

“मी तिच्या शेजारी बसते बाई, रोज. सगळं समजतं तिला.”

“हो, बसता खऱ्या. वर्गात खुर्ची आहे हे तुम्ही विसरलात असं शिपाईमामासुद्धा म्हणतात.” मग हसू आवरून त्यांनी फळीवरची यादी खाली घेतली होती. “कच्च्या मुलांची नावं शुक्रवारी शाळा सुटायच्या आत द्यायची आहेत. यादीत नाव गेलं की वर्षभर खेळाच्या तासाला जादा गणित. हिचं नाव घालावं लागेल. आणि कसं घसरली ते तुमच्या कामाच्या अहवालात मला लिहावं लागेल. राग मानू नका.”

भिंगरी आणि खेळाच्या तासाला वर्गात बंद! ती पोर पळायला मिळालं नाही तर आजारीच पडेल. आणि हे आपण असताना, आपल्या हाताखाली घडलं? जिथे फुलीसुद्धा कुणी मारली नाही तिथे?

दुसरं पान पुढे सरकेना, म्हणून तिने पहिलंच आणखी नेटकं करायला घेतलं. वहीचं कव्हर कसलं होतं? खाकी कागदाचं की जुन्या कॅलेंडरचं? असले तपशील घातले की लिखाण खरं वाटतं, असं सर म्हणायचे. तिने ताईला फोन लावला. ताई शिवणकाम करायची. फोन कधीही लावा, मागे मशीनचा खडखडाट असायचाच. शाळा लहान असल्याने दोघी एकाच खोलीत बसायच्या. एका बाजूला दुसरी, दुसऱ्या बाजूला चौथी, मध्ये नुसती वाट. म्हणजे ताईला आठवत असणार.

“ताई, मला बाईंनी वही डोक्यावर धरून उभं केलं होतं बघ, त्या वहीला कव्हर कसलं होतं गं?”

मशीन थांबलं.

“तुला कधी उभं केलं?”

“अगं दुसरीत. वजाबाकी चुकली म्हणून.”

“वेडी आहेस का? ती मी होते.”

“काहीतरीच काय! माझे दंड दुखले होते ताई. मला अजून आठवतंय.”

“वही मी धरली आणि दंड तुझे दुखले होय?” ताई खळखळून हसली. “अगं, दुसरीत तुला हातच्याची वजाबाकी होती तरी का? चौथीच्या रांगेतून उठून मी गेले, तू आपली समोर बसून मुसमुसत होतीस. मी नाही हो रडले. मला तुझाच राग आला होता, सगळे तुझ्याकडे बघायला लागले म्हणून.”

फळा पाठीमागे असल्याचं, समोरच्या मुलांचे चेहरे बघितल्याचं तिला स्पष्ट आठवत होतं. पण मग ताई कुठे होती? त्या आठवणीत ताई कुठेच नव्हती. एकाच खोलीत असून ताई का दिसली नाही, हे इतक्या वर्षांत तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

“तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. मेल्या बाईचं घर उन्हात बांधेन, असं काय काय म्हटलं मनात. पण मधल्या सुट्टीत त्याच बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. खडूचे तुकडे केले, दहा-दहाचे ढीग घातले आणि शून्याला जवळ काही नसताना उसनं आणायचं कुठून, ते मला दाखवलं. पोळी खायची राहिली त्यांची. आज मापातून माप वजा करते ना, तेव्हा कधीकधी ते खडूचे तुकडेच दिसतात मला.” मशीन पुन्हा सुरू झालं. “पण हे तुला माहीत नसणार. तू तोवर डबा खायला पळाली होतीस.”

फोन ठेवल्यावर तिने पहिलं पान पुन्हा वाचलं. अक्षर किती छान आलं होतं! खोडायचं म्हटलं तर सगळंच खोडावं लागणार. आणि आपण फुली मारत नाही त्याचं कारणच आपलं नसेल तर मग? फुली मारायची की काय? बरं, त्या बाई वाईट की चांगल्या? सकाळी वाईट आणि सुट्टीत चांगल्या, असं कागदावर कसं लिहायचं?

टेबलाखाली काहीतरी लवंडलं आणि चिमीने भोकाड पसरलं. रंगाच्या पाण्याचा पेला होता. ती धावली, पोरीला उचललं, फ्रॉक पिळला, पापे घेतले. चिमीचं चित्र पाण्यात भिजून गेलं होतं. चिमीने ते आधी दाखवलं होतं का? मघाशी ‘आई, बघ’ असं दोनदा ऐकल्यासारखं तिला अंधुक आठवत होतं. की तीनदा?

गुरुवारी वर्गात तिने फळ्यावर पाच वजाबाक्या लिहिल्या आणि नेहमीसारखी बाकांमधून न फिरता खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दाखवायला भिंतीवरचा तक्ता सरळ करत होती, नजर तिसऱ्या बाकावर. चिमी झोपेत कूस बदलते तेसुद्धा तिला भिंतीपलीकडून कळायची. असल्या नजरेला काही शिकवावं लागत नाही.

भिंगरीने पहिलं गणित झटक्यात सोडवलं. उत्तर लिहिलं, मान हलवली. मग खोडरबर घेतलं आणि ते उत्तर खोडून टाकलं. चुरा फुंकला. पेन्सिलीचं टोक ओठावर टेकवून विचार केला आणि दुसरंच उत्तर लिहिलं. तो विचार बघून छोट्या बाई चाटच पडल्या. पोरगी वाटेल तो आकडा टाकत नव्हती. फार चुकलेलं दिसू नये, थोडंसंच चुकलेलं दिसावं, एवढं ती नीट जमवत होती.

सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर तिने भिंगरीला थांबवून घेतलं.

“इथे आधी काय लिहिलं होतंस?”

“कुठे?”

“हे खोडलंस तिथे.”

भिंगरीने बुटांकडे बघितलं. “बरोबरचं.”

“मग खोडलंस कशाला?”

“बरोबर आलं की तुम्ही पुढे जाता.”

छोट्या बाईंनी पुन्हा वहीकडे बघितलं. भिंगरीला वाटलं, बाईंना कळलंच नाही. ती समजावून सांगायला लागली, “म्हणजे कसं बाई, चुकलं की तुम्ही बसता. सरक म्हणता, मग आपण दोघी सोडवतो. आणि ठिपका मिळतो तो वेगळाच. पहिल्या बाकावरच्या जाड्याचे बेचाळीस झालेत. माझे सव्वीसच.”

“काय बेचाळीस?”

“ठिपके! आम्ही मोजतो ना. तो लबाड आहे पण, त्याला खरंच येत नाही, त्याला फुकट मिळतात.”

हसावं की रडावं ते कळेना. तीन महिने ती ज्याला दिलासा समजत होती ते वर्गात बक्षीस झालं होतं आणि ज्यांना गणित येत होतं ती पोरं न येण्याचा अभ्यास करत होती. तरी भिंगरीच्या शेजारी बसायचं ते चूक होतं का? ती सरकून जागा करायची तेव्हा तिचा चेहरा कसा उजळायचा! तो उजेड गणित समजल्याचा, असं हिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मोठ्या बाईंना सांगावं तर अहवालात आपल्या पद्धतीचे तीन तेरा वाजणार. न सांगावं तर पोरीचा खेळाचा तास जाणार. घंटा होईपर्यंत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा आत गेली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी पेरू खाणं थांबवलं. “म्हणजे मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“तुम्ही शेजारी बसावं म्हणून?”

“हो.”

“अठरा वर्षं शिकवतेय, माझ्या शेजारी बसायला मिळावं म्हणून कुणी चुकलं नाही हो.” हे त्यांनी चेष्टेत म्हटलं की आणखी कशात, ते तिला कळलं नाही. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “पण तुमच्या शब्दावर नाव काढता येणार नाही मला. उद्या दुपारी तिला इथे एकटीला बसवते. वीस गणितं. अठरा आली तर नाव काढते. तुम्ही खोलीत नको. दारातसुद्धा नको. आणि ठिपक्यांचं सगळं अहवालात जाईल.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. म्हणून तर बसली, पण घरी जाईपर्यंत तो अहवाल तिने मनातल्या मनात चारदा वाचला.

शुक्रवारी सर आले. मागच्या बाकावर गुडघे मावेनात म्हणून तिरके बसले. तिने शिकवलं, फळ्यावर गणितं दिली आणि बाकांमधून फिरायला लागली. हातात हिरवं पेन होतं, पण टोपण लावलेलं. भिंगरीच्या वहीत पहिलं गणित चुकलं होतं, तेवढंच, थोडंसं. भिंगरी सरकायच्या तयारीत होती.

“हे चूक आहे,” छोट्या बाई म्हणाल्या. तीन महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूच्या चार बाकांवरच्या माना वळल्या.

“ठिपका?” भिंगरीने विचारलं.

“ठिपका नाही. बरोबर आलं की बसते मी.”

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, थट्टा तर नाही ना असं. मग खोडून खरं उत्तर लिहिलं आणि बाकाच्या अगदी टोकापर्यंत सरकली. छोट्या बाई बसल्या. बसल्या खऱ्या, पण आता करायचं काय? गणित तर बरोबर होतं. समजावायला काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, “कसं केलंस?” आणि भिंगरी सांगायला लागली, हातवारे करत, उसना दहा कसा शेजारून येतो ते नाचून दाखवत.

तेवढ्यात वर्गात गोंधळ माजला. “बाई, माझं पण बरोबर!” “बाई, माझी पाचही बरोबर, इकडे बसा!” अठ्ठावीस मुलं एकदम सरकायला लागली. एक जण सरकता सरकता बाकावरून खालीच पडला. जाड्या मात्र हात वर न करता बसून होता. त्याच्या वहीत सोडवलेली चारही चुकलेली, ती खरीखुरी, आणि बाई आता येणार की नाही हे त्याला समजत नव्हतं. एकीचं सावरायला गेलं की दुसऱ्याचं बिघडतं, असंच चालायचं की काय? ती उठून त्याच्याही शेजारी बसली. मागे सर वहीत भराभरा लिहीत होते.

घंटा झाल्यावर तिने सरांना कागद दिला. पहिल्या पानावर तिने काही खोडलं नव्हतं. फक्त खाली एक ओळ जोडली होती: ‘हा प्रसंग माझ्या बहिणीचा आहे. मी समोर बसले होते. पुढे काय झालं ते बघायला मी थांबले नाही.’

सरांनी दोनदा वाचलं. “मग तुमचा अनुभव कुठला?”

“या आठवड्यातला, सर. पण तो मला अजून कळलेला नाही.”

“अहो, पण इथे ‘पद्धत घडवणारे’ असं लिहिलंय.”

“तेच ना, सर. घडली की मोडली तेच समजत नाहीये.”

सरांनी कागदाची घडी घातली, उलगडली आणि कागद परत तिच्या हातात दिला. “सोमवारी आणा. कळला नाही तर कळला नाही असं लिहा, पण दोन पानं भरा.”

दुपारी ती शिक्षकांच्या खोलीपासून लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली. दार बंद होतं. जिन्याच्या पायऱ्या तिने खालून वर आणि वरून खाली मोजल्या. एकदा सोळा आल्या, एकदा सतरा. चिमीला पहिल्यांदा बालवाडीत सोडलं तेव्हाही ती अशीच फाटकाबाहेर उभी होती.

दार उघडलं. मोठ्या बाईंनी हाताने बोलावलं. भिंगरी उंबऱ्यापाशी एका पायावर उभी होती, खेळाच्या तासाची घंटा होण्याची वाट बघत.

“एकोणीस,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि यादीतल्या नावावरून सरळ आडवी रेघ ओढली. मग कागद तिच्यापुढे सरकवला. एकोणीस गणितांपुढे खुणा होत्या. विसाव्यापुढे काहीच नव्हतं. पाचशे तीनमधून एकशे सदुसष्ट. उत्तर तीनशे सेहेचाळीस.

“दहाने चुकलंय,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. “मी नाही खूण केली. हे खरंच चुकलंय, की तुमच्यासाठी राखून ठेवलंय?”

तिने कागद उजेडात धरला. शून्याकडून उसनं आणायचं गणित. इथे भलेभले चुकतात, ताईसुद्धा चुकली होती. उत्तराखाली खोडल्याची पुसट जागा होती, पण तशी ती आणखी सात-आठ ठिकाणीही होती. आधीचा आकडा काही वाचता येईना.

घंटा झाली. बाहेर पोरांचा लोंढा मैदानाकडे निघाला.

“बाई, जाऊ?” भिंगरीने विचारलं. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता, एक आत.

विचारावं का? विचारलं तर ती काय सांगेल, आणि जे सांगेल ते कशासाठी सांगेल? छोट्या बाईंनी कागद खाली ठेवला.

“जा. खेळून ये.”

भिंगरी निघाली. चार पावलांवर थांबून एकदा मागे वळली. बाई शेजारची खुर्ची ओढतायत का ते बघायला, की बुटाचा बंद सुटला म्हणून, ते एवढ्या लांबून ओळखता आलं नाही. मग तिने एक गिरकी घेतली आणि मैदानात दिसेनाशी झाली. मोठ्या बाईंनी लाल पेन पुढे केलं होतं. छोट्या बाईंच्या हातात हिरवं होतं. दोन्ही पेनं टेबलावर ठेवून ती तीनशे सेहेचाळीसकडे बघत बसली. पोरगी खेळून येईल तेव्हा तिच्या शेजारी बसायचं, एवढं तिचं ठरलं होतं. बसून काय म्हणायचं, ते अजून ठरायचं होतं.